कागद नसलेल्या स्थलांतरितांसोबत काम कसं करावं : गावातल्या संस्थेसाठी

मागच्या हंगामात परतवाड्याजवळच्या एका वीटभट्टीवर एका बाईने आपल्या साऱ्या घराचे कागद माझ्यासमोर मांडले. युरियाच्या पोत्यातली आतली पांढरी पन्नी, तिला सुतळीची गाठ. आत एक आधार कार्ड होतं, लॅमिनेशनमध्ये पाणी शिरून फोटो निळा पडलेला. लसीकरणाचं कार्ड उंदरांनी कुरतडलेलं. आणि दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या वीजबिलाची झेरॉक्स, "राहू दे, कामी येईल" म्हणून कुणीतरी दिलेली. ती म्हणाली, "एवढंच हाय भाऊ. कागद कायले पाह्यजे, मी तं समोर उभी हावो." तिला आमच्याकडून धान्य नको होतं. सहा वर्षांच्या पोरीला गावच्या शाळेत बसू द्यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

हा लेख तिच्यासारख्यांच्या कामात पडणाऱ्या गावातल्या माणसांसाठी आहे : महिला बचत गट, गुरुदेव सेवा मंडळ, युवक मंडळ, दोन-चार शिक्षक आणि एक आशाताई मिळून उभी राहिलेली छोटी संस्था. मोठी संस्था जिल्ह्याच्या ठिकाणी असते. भट्टी, संत्र्याची बाग, कापसाचं वावर आपल्या गावाच्या शिवारात असतं. ब्लँकेट वाटणं सोपं आहे आणि थंडीत ते करावंच. पण या माणसांना सगळ्यात जास्त कमी पडते ती साक्ष. "हे कुटुंब आमच्या गावात कार्तिकापासून आहे, या बाईचं बाळंतपण अमुक तारखेला इथे झालं" असं सही करून सांगणारं कुणीतरी. ती साक्ष खरी, नेमकी आणि लेखी ठेवणं हे संस्थेचं मुख्य काम, असं मी आता ठामपणे मानतो.

आधी ओळखा : कागद नाही म्हणजे नेमकं काय नाही

"यांच्याकडे कागद नाही" या एका वाक्यात चार वेगळ्या अडचणी असतात, आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा आहे.

सगळ्यात मोठा गट असतो तो कागद असलेल्यांचाच, फक्त ते कागद गावी राहिलेले. धारणी-चिखलदऱ्याकडून उतरलेली कोरकू कुटुंबं, बैतूलकडून कापूस वेचायला आलेले गट, छत्तीसगडहून भट्टीवर आलेली जोडपी. रेशनकार्ड सासूकडे आणि शाळेचा दाखला शाळेतच. यांच्यासाठी नवा कागद काढायचा नसतो, असलेला इथे चालवायचा असतो.

दुसऱ्या गटाचे कागद होते, पण गेले. पाल जळलं, पावसात भिजलं, किंवा मुकादमाने "माझ्याजवळ राहू दे" म्हणून ठेवून घेतलं. या शेवटच्या कारणाकडे नीट लक्ष द्या, त्यावर पुढे बोलतो.

तिसऱ्या गटाचे कागद कधी झालेच नाहीत. अमरावती, यवतमाळ, वाशीमच्या फासेपारधी बेड्यांवर (वस्त्यांवर) अशी घरं अजून भेटतात. १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्याने पुसला गेला, पण गावांनी त्यांना गावठाणात जागा दिली नाही. जागा नाही म्हणून घरटॅक्सची पावती नाही, पावती नाही म्हणून रहिवासी दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून पुढचं काहीच नाही. आजोबाची नोंद नसली की नातवालाही तीच अडचण येते.

चौथा गट दुसऱ्या देशातून आलेल्यांचा. माझ्या कामात अशी माणसं अगदी थोडी आली. तरी अनोळखी बोली कानावर पडली की गाव आधी हाच तर्क करतं. तो करू नका. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं सरकारनेच १९६० च्या दशकात वसवली आहेत. त्यांची नातवंडं मजुरीसाठी कुठेही जातात आणि घरात बांगला बोलतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. त्यांच्याकडे परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, तोच त्यांचा कायदेशीर कागद.

पहिल्या दोन भेटींत एवढंच ठरवा : हे कुटुंब या चारांतलं कुठलं. घाईने अर्ज भरू नका.

पहिल्यांदा जाताना

भट्टीवर विटा थापण्याचं काम मध्यरात्रीनंतर सुरू होतं आणि उन्हं चढली की थांबतं. सकाळी अकराला गेलात तर माणसं झोपलेली असतात. दुपारी चारच्या सुमारास, गारा कालवायच्या आधी जा, किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) मिळते, काम ढिलं असतं, बायका निवांत भेटतात.

भट्टीमालकाला कळवून जा. चोरून गेलात तर तुम्ही परत गेल्यावर त्रास मजुरांनाच होतो. पण बोलणं मालकाच्या खुर्चीजवळ करू नका, पालावर करा. सोबत एक बाई असलीच पाहिजे, आशाताई असेल तर उत्तम. पहिल्या दिवशी कागद मागायचे नाहीत आणि फोटो काढायचे नाहीत. पोरांना ताप आहे का, पाणी कुठून आणता, जवळचा दवाखाना माहीत आहे का, एवढं विचारा. पारधी बेड्यावर तर हे फार जपा. तिथे वही घेऊन येणारा अनोळखी माणूस म्हणजे पोलीस किंवा पाल उठवायला आलेला माणूस, असा पिढ्यांचा अनुभव आहे.

ज्याला कागद लागत नाही ते आधी मिळवून द्या

बहुतेक संस्था इथे उलटं करतात. आधी आधार, मग बाकी सगळं. तोवर मूल वर्षभर घरी बसतं. कितीतरी गोष्टी कागदाशिवाय मिळतात, आणि त्या मिळताना जी नोंद होते तीच पुढे कागदाचा पाया बनते.

शाळेपासून सुरुवात करा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ प्रमाणे वयाला साजेशा वर्गात बसवावं लागतं. कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयासाठी दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, आणि तीही नसेल तर आई-बापाचं लेखी निवेदन. मुख्याध्यापकांकडे कायद्याचं पुस्तक आपटत जाऊ नका. त्यांची खरी अडचण ऑनलाइन नोंदणीत आधारचा रकाना असते. "हजेरीवर नाव घ्या, बसू द्या, रकान्याचं आपण मागून पाहू" असं म्हणा, आणि प्रवेशाचा अर्ज लेखी देऊन पोच घ्या. आमच्या त्या पोरीचा प्रवेश दोन चकरांत झाला. पहिल्या चकरेत "मार्चमध्ये निघून जातील, पटावर गळती दिसेल" असं उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या चकरेला आम्ही शिक्षण हमी कार्डाचा विषय काढला. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्याने ही सोय केली आहे : मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत हे कार्ड दाखवून शिकणं पुढे चालू ठेवायचं. पोरगी दुसऱ्या दिवशी वर्गात बसली.

तुमचं गाव मजूर पाठवणारं असेल, मेळघाटात किंवा मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या गडचिरोलीच्या पट्ट्यात, तर काम वेगळं आहे. दिवाळीच्या आधीच शाळा व्यवस्थापन समितीत हंगामी वसतिगृहाची मागणी नोंदवा, म्हणजे आई-बाप गेले तरी मूल आजीजवळ राहून गावातच शिकेल. पारधी मुलांसाठी नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी प्रश्नचिन्ह आश्रमशाळा उभी केली. अशी निवासी सोय जवळ असेल तर पालकांना ती जागा एकदा दाखवून आणा. न पाहिलेल्या ठिकाणी कुठलीच माय लेकरू ठेवत नाही.

अंगणवाडीचा आहार सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आणि गरोदर व स्तनदा मातांना. बाहेरगावचे आहेत हे कारण चालत नाही, आणि मुलाच्या आधारसाठी आहार अडवू नये. सेविकेला आयत्या वेळी सांगितलं तर साठा कमी पडतो, म्हणून कुटुंबं आली की पहिल्याच आठवड्यात मुलांची यादी द्या.

लसीचं कार्ड फाटलं असलं तरी लसीकरण पहिल्यापासून करायची गरज नसते. जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. एएनएम ताईंना (उपकेंद्राच्या नर्सबाईंना) कुरतडलेलं कार्डही दाखवा, अर्धी तारीखसुद्धा उपयोगी पडते. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर झालं तरी, २०११ पासून मोफत आहे. नेण्या-आणण्यासाठी १०२, अडचणीच्या वेळी १०८. क्षयरोगाचा उपचार सगळीकडे मोफत आहे. रुग्णाचा निक्षय क्रमांक (क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा) एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याजवळ द्या, त्या क्रमांकावर देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात गोळ्या पुढे चालू राहतात. उन्हाळ्यात भट्टी संपल्यावर गोळ्या तुटणं हा फार मोठा धोका आहे.

कुणी दारातूनच परत पाठवलं तर हे सांगायला विसरू नका : राज्यघटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क "व्यक्ती"ला दिलेला आहे, फक्त नागरिकाला नाही. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे स्पष्ट केलं आहे.

वही घाला

एक दोनशे पानी जाड वही घ्या, कुटुंबाला दोन पानं. गावात आल्याची तारीख, कामाची जागा, मूळ गाव-तालुका-जिल्हा, तिथल्या एका ओळखीच्या माणसाचा फोन, घरातल्या प्रत्येकाचं नाव, नातं, वय. नाव ते लोक उच्चारतात तसंच लिहा. आपल्याला सोयीचं करून लिहिलेलं नाव पुढे आधारशी जुळत नाही आणि मग दहा वर्षं दुरुस्त्या करत बसावं लागतं. गावच्या शाळेत "सुनीता" झालेली मुलगी आधारवर "सोनिता" असते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

वय विचारलं की "असन पंचवीस-तीस" असं उत्तर येतं. तिथे घाई करू नका. कोरोनाच्या बंदीत हे लेकरू अंगावर पीत होतं की चालत होतं? थोरला झाला तेव्हा सोयाबीन निघालं होतं की पेरणी होती? म्हाताऱ्यांसाठी जुन्या खुणा असतात. वरुड-नरखेडकडच्या माणसाला मोवाडच्या पुराचं विचारा, तो ३० जुलै १९९१ चा. किल्लारीच्या भूकंपाचं विचारा, सप्टेंबर १९९३. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का, असंही विचारता येतं. अशा तीन खुणा जुळल्या की वर्ष पक्कं होतं. वहीत वर्षासोबत खूणही लिहा, कारण उद्या अधिकारी विचारेल, "हे वय कुठून आणलं?"

भेटीची प्रत्येक तारीख लिहा. या वहीला सरकारी कागदाची किंमत नाही. पण रहिवासाबद्दल चौकशी झाली तेव्हा आमच्या वहीतल्या अकरा भेटींच्या तारखा पाहून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी स्वतः पालावर येऊन पंचनामा केला. वही कुलपात ठेवा. तिचा फोटो कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका, आपल्या गटावरही नाही.

कागदांचा क्रम

घरातल्या बाईपासून सुरुवात करा. पुरुषाचा कागद झाला तर तो त्याच्या खिशात जातो. बाईचा झाला तर पोरांचे त्यामागून होतात.

आधारसाठी नवीन नोंदणीच्या आधी एक प्रश्न विचारायचाच : "याआधी कधी बोटं, डोळे दिले होते का?" शाळेच्या शिबिरात, बँकेच्या खात्यासाठी, कुठल्या तरी मेळाव्यात बहुतेकांनी दिलेले असतात. दुसऱ्यांदा नोंदणी केली की यंत्रणा ती नाकारते आणि तीन महिने वाया जातात. जुना क्रमांक आधार केंद्रावर नाव, जन्मवर्ष, पिनकोड सांगून किंवा बोटांच्या ठशावरून शोधता येतो. चौकशीला १९४७ हा मोफत क्रमांक आहे. विटा थापून बोटांच्या रेघा पुसलेल्या असतात. केंद्रावर डोळ्यांच्या पडद्याने ओळख पटवायला सांगा. आदल्या रात्री हाताला खोबरेल लावून सकाळी धुवायला सांगतो आम्ही, त्याने बऱ्याचदा ठसा उमटतो.

ज्याच्याकडे काहीच नाही त्याची नोंदणी कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून नात्याच्या पुराव्याने होऊ शकते. पत्त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, सरपंचांच्या किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचं. अठरा वर्षांवरच्या नव्या नोंदणीची सरकारी पडताळणी होते, उशीर धरून चाला. आणि लोकांना हेही नीट सांगा की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. कायद्यातच तसं लिहिलं आहे.

रेशनचा प्रश्न मात्र पुष्कळदा त्याच दिवशी सुटतो. एक देश एक रेशनकार्ड योजनेत बैतूलचं कार्ड असलेला मजूर अचलपूरच्या दुकानातून आपल्या वाट्याचं धान्य घेऊ शकतो, आणि गावी राहिलेली म्हातारी तिच्या वाट्याचं तिथे घेऊ शकते. कार्ड सोबत नसेल तरी कार्डाचा क्रमांक किंवा आधार क्रमांक पुरतो. अडचण येते ती दोन ठिकाणी : सदस्याचं आधार रेशनकार्डाशी जोडलेलं नसतं, किंवा केवायसी (ओळखीची पडताळणी) राहिलेली असते. दुकानदार "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हणाला तर तिथूनच १४४४५ किंवा १९६७ ला फोन लावा. फोन लावताना दुकानदाराशी भांडू नका, उद्या त्याच्याकडेच जायचं आहे.

ई-श्रम नोंदणी १६ ते ५९ वयाच्या असंघटित मजुरांसाठी आहे, सुरू झाली ऑगस्ट २०२१ मध्ये. आधार हातात आलं की आपले सरकार सेवा केंद्रात करून टाका. मतदार यादीत बेघर माणसाचं नावही येऊ शकतं. पत्त्याचा कागद नसेल तर बीएलओने (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने) रात्री त्या जागी जाऊन तो तिथेच झोपतो का हे पाहायचं असतं.

जन्माची नोंद

इथे थोडं थांबतो, कारण पुढच्या पिढीचा सगळा भार याच एका कागदावर येणार आहे. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळा, आधार, मतदार यादी, पासपोर्ट, सगळीकडे जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. म्हणजे आज पालात जन्मलेल्या बाळाची नोंद राहिली तर त्याच्या आईसारखं ते "समोर उभं" राहील आणि तरी कुणी मानणार नाही.

पहिला नियम सगळ्यांनी पाठ करावा : जन्म जिथे झाला तिथे नोंदायचा. बाळंतपण आपल्या गावच्या शिवारात भट्टीवर झालं तर नोंद आपल्या ग्रामपंचायतीत. "तुमच्या गावी जाऊन करा" हे उत्तर चुकीचं आहे, आणि गावी गेल्यावर त्यांना "तिकडे झालं तर तिकडेच करा" ऐकावं लागतं. या दोन वाक्यांच्या मधे किती लेकरं बिननोंदीची राहिली असतील!

मुदत २१ दिवसांची, फी नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर होते. ३० दिवस ते एक वर्ष असेल तर ठरलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद लागतो. एक वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२५ पासून राज्याने ही उशिराची नोंद फार कडक केली आहे. पुराव्याची छाननी, जाहीर नोटीस, पोलिसांचा अभिप्राय, सगळं होतं, आणि खोटा कागद लावला तर गुन्हा दाखल होतो. म्हणून संस्थेने सगळी ताकद पहिल्या २१ दिवसांत लावावी.

ते असं करता येतं. भट्टीवर कितव्या महिन्याच्या किती बायका आहेत हे आशाताईंच्या आणि आपल्या वहीत असावं. बाळंतपण दवाखान्यात व्हावं, म्हणजे दवाखानाच जन्माची माहिती कळवतो. घरीच झालं तर त्याच दिवशी आशाताई आणि एएनएम येऊन बाळ पाहतील, वजन घेतील, माता-बाल कार्डावर तारीख टाकतील असं पाहा. ती तारीख हाच पहिला पुरावा. मग दोन साक्षीदार घेऊन ग्रामपंचायतीत जा. नाव ठरलं नाही म्हणून थांबू नका. बारसं गावी जाऊनच करायचं असतं, त्याला महिने लागतात. नोंद बिननावाची होते. नाव पुढे १२ महिन्यांत विनाशुल्क आणि त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. आई-बापाची नावं मात्र आत्ताच अक्षर न् अक्षर तपासा, आधारवर आहेत तशीच लिहून घ्या. पालात उकिडवं बसून आईला "मोठ्याने वाच भाऊ" म्हणायला लावा आणि वाचून दाखवा. माझ्या हातून एकदा हे राहिलं. बापाच्या नावात एक काना जास्त पडला. दुरुस्ती होईस्तोवर ते कुटुंब चारशे किलोमीटर दूर होतं.

वर्ष उलटलेल्या मुलांसाठी : अंगणवाडीची नोंद, लसीचं कार्ड, दवाखान्याचा केसपेपर, शाळेची प्रवेश नोंद, जे असेल ते एकत्र करा, नोंद नसल्याचा दाखला ग्रामपंचायतीतून घ्या आणि अर्ज करा. पुरावा पुरेसा नसेल तर अर्ज थांबवा, आधी पुरावा शोधा. एकदा नाकारलेला अर्ज पुढे प्रत्येक ठिकाणी आडवा येतो.

जातीचा दाखला

फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, अनेक भटके समूह विमुक्त-भटक्यांत. दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो आणि अडतो तो मानीव तारखेवर (त्या दिवशी कुटुंब राज्यात राहत होतं हे दाखवावं लागतं ती तारीख) : अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्याआधीचा जातीचा आणि राहण्याचा पुरावा मागतात. पालात राहणाऱ्याने तो कुठून आणायचा?

शोधायच्या जागा आपल्याकडे आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा, त्यात जन्म-मृत्यूसोबत जात लिहिलेली असे. जुन्या जिल्हा परिषद शाळांतली दाखल-खारीज रजिस्टरं पाहा. चुलत आजोबा, आतेभाऊ असे बापाकडचे नातेवाईक शोधा, कुणा एकाचा दाखला निघालेला असेल तर वंशावळ जोडता येते. आणि पोलिसांच्या जुन्या नोंदी. ज्या नोंदींनी या लोकांना छळलं, त्यांतच नावापुढे जात लिहिलेली आहे. म्हाताऱ्या माणसाला हे विचारताना फार सांभाळून विचारा. काहीच मिळालं नाही तर गृहचौकशीची (अधिकाऱ्यांनी घरी येऊन चौकशी करण्याची) मागणी लेखी अर्जात करा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, त्यात दाखल्याला मुदत असते, मुदत टळली की अपील करता येतं.

उचल आणि अडकवणं

मजुराने उचल घेणं आपल्याकडे सगळीकडे चालतं. पण उचल फिटेपर्यंत भट्टी सोडू न देणं, आधार काढून ठेवणं, एकाला ठेवून दुसऱ्याला गावी पाठवणं, किमान वेतनाच्या खाली राबवणं, ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे आणि ते कर्जही कायद्याने संपलेलं आहे. असं काही दिसलं तर स्वतः मालकाशी वाद घालायला जाऊ नका. उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा, मुलं असतील तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन करा. सुटकेनंतर मुक्ती प्रमाणपत्र मिळालंच पाहिजे. त्यावर ३० हजारांपर्यंतची तातडीची मदत आणि पुढचं पुनर्वसन अवलंबून असतं. माणसं घाबरून रातोरात गावी निघून जातात आणि प्रमाणपत्र राहून जातं. त्यांना दोन दिवस थांबवून ठेवणं, जेवू घालणं, सोबत राहणं हे संस्थेचं काम.

वकील मोफत मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, वेठबिगारीचे बळी यांना उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते, फोन १५१००.

दुसऱ्या देशातला माणूस समोर आला तर

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू आहे. त्यात परदेशी माणसाला राहायला जागा देणाऱ्याने, दवाखान्याने आणि शैक्षणिक संस्थेने कळवण्याची जबाबदारी आहे. म्हणून सरळ सांगतो : आजारी असेल तर दवाखान्यात न्या, भुकेला असेल तर जेवू घाला, मूल किंवा विकून आणलेली मुलगी असेल तर १०९८ किंवा १८१ (महिलांची मदतवाहिनी) लावा. राहायला जागा देण्याआधी आणि कुठलाही अर्ज करण्याआधी विधी सेवा समितीच्या वकिलाला विचारा. त्याला इथला कागद काढून द्यायच्या भानगडीत कदापि पडू नका, त्याने त्याचंही नुकसान होतं. आणि कोण कुठल्या देशाचा, हा निवाडा गावातल्या कुणी करायचा नाही. संशयावरून पाल घेरणं, कागद हिसकावणं, व्हिडिओ काढणं असं काही सुरू झालं तर ११२ ला फोन करून पोलिसांच्या येण्यापर्यंत तिथे उभं राहा.

संस्थेने स्वतःवर घालायची बंधनं

खोटी जन्मतारीख, खोटा पत्ता, खोटं नातं लिहायचं नाही. सेतूबाहेर (दाखले काढायच्या केंद्राबाहेर) बसणारा माणूस पाचशे रुपयांत "मी करून देतो" म्हणतो आणि दुसऱ्याच गावचा पत्ता लावून देतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे चारही कागद अशाच पत्त्यापायी पडताळणीत अडकले आहेत. खरी माणसं, खरी जात, आणि खोट्या एका ओळीमुळे सगळंच संशयात. संस्थेने एकदा खोटी सही केली की तिच्या आधीच्या शंभर खऱ्या सह्यांकडेही कुणी पाहत नाही.

मूळ कागद संस्थेकडे ठेवून घेऊ नका, एका रात्रीसाठीही. झेरॉक्स काढा आणि लगेच हातात परत द्या. आधारच्या झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आडवं लिहा. ओटीपी विचारू नका, बँक पासबुक हाताळू नका. यादी राजकीय पक्षाला, पत्रकाराला, मालकाला द्यायची नाही. शासकीय अधिकाऱ्याने मागितली तर लेखी मागणी घ्या. पूजापाठ, धर्म, मत यांच्याशी मदत जोडायची नाही. वाटप करताना फोटो काढायचे नाहीत, देणगीदाराचा कितीही आग्रह असला तरी.

भट्टी विझायच्या आधी

मे महिना लागला की विटांचे थर उतरायला लागतात आणि पालांची दोरी सैल होते. मेळघाटातली कुटुंबं तर होळीलाच फगव्यासाठी गावी धाव घेतात, त्यातली काही परतत नाहीत. म्हणून निरोपाची तयारी फेब्रुवारीतच करून ठेवा.

प्रत्येक कुटुंबाला एक जाड प्लास्टिकची चेनची पिशवी द्या, पाणी न शिरणारी. त्यात मूळ कागद, एकेक झेरॉक्स, अर्जांच्या पोचपावत्या, शिक्षण हमी कार्ड, लसीचं नवं कार्ड, निक्षयची चिठ्ठी. वर एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा : काय झालं, काय राहिलं, कुठल्या कार्यालयात अर्ज आहे, आमचा फोन. तो पुठ्ठा वाचता न येणाऱ्या माणसालाही वाचून घेता येईल अशा ठळक अक्षरात लिहा, छत्तीसगडच्या कुटुंबासाठी हिंदीत. त्यांच्या गावच्या आशाताईंना आणि शाळेला एक फोन करून ठेवा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी भरतात. त्या आठवड्यात आणखी एक फोन, मूल वर्गात बसलं का एवढंच विचारायला.

ती परतवाड्याची बाई निघाली तेव्हा तिने चेनची पिशवी त्या युरियाच्या पन्नीत घातली, वरून सुतळीची गाठ मारली आणि धान्याच्या कोठीत सगळ्यात तळाशी ठेवली. दुसऱ्याच्या वीजबिलाची झेरॉक्स तेवढी तिने काढून आम्हाला परत दिली.